खापरखवल्या : पातेऱ्याखालच्या सापाच्या प्रकल्प नोंदी

जागा : रत्नागिरी जिल्हा, चिपळूण-खेड पट्टा, सह्याद्रीच्या पायथ्याचं एक गाव. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मांडुळाच्या (चोरट्या व्यापारासाठी पकडल्या जाणाऱ्या सापाच्या) मागे लागलेल्यांना 'दुतोंड्या' एवढा शब्द पुरतो आणि गावोगाव लोक खापरखवल्यालाही दुतोंड्याच म्हणतात.

साप : खापरखवल्या, शास्त्रीय नाव युरोपेल्टिस मॅक्रोलेपिस. बिनविषारी, जमिनीखाली राहणारा, लांबीला फार तर फूटभर.

नियम : साप पकडायचा नाही, त्याच्यासाठी जमीन उकरायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता असतो. म्हणून रस्त्यावर चिरडलेला सापही बाटलीत भरून घरी आणायचा नाही. फोटो, माप, वेळ, जागा लिहायची आणि तो रस्त्याच्या कडेला ठेवायचा. वनविभागाची लेखी परवानगी, ग्रामपंचायतीचं पत्र आणि देवराईसाठी मानकऱ्यांचा होकार, हे तिन्ही हातात आल्यावरच काम सुरू.

२४ एप्रिल

पातेरा, म्हणजे झाडांखाली साचलेला पालापाचोळा, राहतो तिथे आणि काढला जातो तिथे काय फरक पडतो हे पाहायला तीन जागा ठरल्या. पहिली देवराई : किंजळ, ऐन, हेळा, सातवीण, मधून गारंबीच्या वेली. इथून वाळकी काटकीही कोणी बाहेर नेत नाही. दुसरी, तिला लागूनच असलेलं मालकी जंगल : दरवर्षी कवळ (झाडांच्या पानांसकट डहाळ्या) तोडली जाते आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पातेरा गोळा होतो. तिसरी काजूची बाग : खालची जमीन दर वर्षी साफ केली जाते.

प्रत्येक जागेत ५ मीटर बाय ५ मीटरचे सहा चौकोन. पायवाटेपासून निदान १० मीटर आत, कारण तुडवलेली माती वेगळीच वागते. कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या ठोकल्या तर वाळवी खाते, नायलॉनची दोरी बांधली तर गुरं पायात अडकवून ओढून नेतात. कोपऱ्यावर जांभ्याचे तुकडे रचून ठेवले, ते टिकतात. देवराईत झाडाला खिळा नाही, रंगाचा ठिपकाही नाही.

काजूच्या बागेची आधी निवडलेली जागा रद्द केली. ती सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) कडेला होती, वर जेमतेम वीतभर माती आणि खाली अखंड जांभा. तिथे पातेरा कितीही ठेवला तरी बिळं करणाऱ्या सापाला खाली जायला जागाच नाही. अशा जागेची देवराईशी तुलना केली असती तर दोष बागेचा दिसला असता आणि खरं कारण खडक निघालं असतं. आता तिन्ही जागा एकाच उताराच्या, एकाच लाल मातीच्या आहेत.

५ मे

पातेऱ्याची जाडी मोजली. प्रत्येक चौकोनात दहा ठिकाणी, स्टीलची पट्टी उभी खुपसून, खालची माती लागेपर्यंत. पानं हाताने दाबायची नाहीत, दाबलं की दोन-तीन सेंटिमीटर तिथेच जातात.

देवराईत ६ ते ९ सें.मी. त्यात तीन थर स्पष्ट सुटे होतात : वर अखंड कोरडी पानं, मधे शिरा तेवढ्या उरलेली जाळीदार पानं, खाली काळा, ओलसर, चहाच्या चोथ्यासारखा थर. वैशाख तापला असतानाही बोटाला गार लागतो तो हा तिसरा थर. मालकी जंगलात २ सें.मी.पेक्षा कमी, तेही नुसती यंदाची पानं. बागेत उघडी माती.

मातीचा घट्टपणा पाहायला १२ मि.मी.ची लोखंडी सळई अर्ध्या मीटरवरून सरळ सोडायची आणि किती रुतली ते मोजायचं. सोडणारा माणूस बदलायचा नाही. दगड लागला तर तो आकडा खोडायचा नाही, तोही लिहायचा. शेवटी सरासरी न घेता मधला आकडा घ्यायचा, म्हणजे एकदोन दगडांनी निकाल फिरत नाही. मात्र आजचे आकडे कामाचे नाहीत. मे महिन्यात लाल माती विटेसारखी होते आणि तिन्ही जागी सळई जवळजवळ सारखीच उडते. ही मोजणी पावसाळ्यात, पाऊस थांबल्यावर एका दिवसाच्या आत पुन्हा करायची.

१७ मे

कौलं मांडली. जुन्या घरांची उतरवलेली मंगळुरी कौलं, चौकोनाला चार, एकूण ७२. जमिनीलगत राहणारे साप अशा आडोशाखाली येऊन थांबतात, त्यामुळे न उकरता पाहता येतं. पत्रा वापरायचा नाही, उन्हात तापतो आणि खालचं सगळं पळून जातं. प्लायवूड फुगतं. गोणपाट महिनाभरात वाळवी संपवते. कौलाला यातलं काही होत नाही.

कौल ठेवताना खालचा पातेरा खरवडून काढायचा नाही, फक्त काटक्या बाजूला करून ते जमिनीला नीट टेकवायचं. फट राहिली की आत कोरडं पडतं.

उचलायची रीत सगळ्यांनी पाठ करायची. हाताने नाही, लोखंडी आकड्याने. आपल्या समोरची, लांबची कड वर घ्यायची आणि कौल आपल्याकडे कलतं करायचं. फट आपल्यापासून लांब उघडली पाहिजे, म्हणजे कौल ढालीसारखं मधे राहतं आणि खाली विषारी फुरसं असलं तर ते पलीकडे निघतं. पायात गमबूट. तपासणी आठवड्यातून एकदाच. रोज उचललं तर खालची ओल जाते आणि आलेला जीवही पुन्हा येत नाही.

९ जून

मृग लागला आणि काल संध्याकाळपासून पाऊस धरला. पहाटे साडेपाचला देवराईच्या कडेने जाणाऱ्या डांबरी रस्त्याचा १.२ किलोमीटरचा तुकडा चालून पाहिला. पहाटेची वेळ अशासाठी की सात वाजले की कावळे उतरतात, आणि उरलेलं मुंग्या नेतात. उशिरा गेलं तर रस्ता स्वच्छ दिसतो आणि साप मेलेच नाहीत असं वाटतं.

तीन खापरखवले. दोन चिरडलेले, एक नुकताच मेलेला, पूर्ण शाबूत. तो पट्टीशेजारी ठेवून सविस्तर पाहिला.

लांबी २४ सें.मी., जाडी हाताच्या करंगळीपेक्षा थोडी कमी. अंग काळपट जांभळं, आणि कलत्या उजेडात त्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग. ओठाजवळून मानेच्या बाजूला पिवळी रेघ, शेपटीच्या दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा. डोकं मानेपेक्षा अरुंद आणि निमुळतं, टाचणीच्या टोकाएवढे डोळे खवल्याखाली झाकलेले. पोटावरचे खवले पाहिले की हा साप इतरांपेक्षा किती वेगळा आहे ते कळतं. धामण, नानेटी यांचे पोटाचे खवले आडवे, रुंद पट्ट्यांसारखे असतात, त्यांच्या आधारावर ते सरपटतात. याचे पोटाचे खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा थोडेच मोठे. मातीत चारही बाजूंनी भिंतच असते, तिथे रुंद पट्टे काय करणार?

आणि शेपटी. आखूड, तिरकी कापल्यासारखी. कापाच्या जागी सपाट चकती, शर्टाच्या बटणाएवढी, तिच्यावरच्या प्रत्येक खवल्याला उभ्या कडा, आणि अगदी टोकाला दोन बारीक काटे. चकतीवर माती घट्ट बसलेली होती. बोटाने चोळली तरी कडांमधली निघाली नाही. उरलेल्या अंगावर मात्र मातीचा कण नाही. खापराच्या तुकड्यासारखी शेपटी म्हणून खापरखवल्या. नाव ज्याने कोणी ठेवलं त्याने साप हातभर अंतरावरून पाहिला होता.

हा फरक खवल्यांच्या पृष्ठभागामुळे आहे. अंगावरच्या खवल्यांवर अतिशय सूक्ष्म, समांतर रेघा असतात. त्यांच्यामुळे ओली माती चिकटत नाही आणि त्याच रेघा प्रकाश फोडून इंद्रधनुष्य दाखवतात. चकतीवरचा पृष्ठभाग उलट माती धरून ठेवायला घडलेला. साप पुढे गेला की मागे ही मातीने माखलेली चकती बिळाला बूच लावते. मागून येणाऱ्याच्या तोंडाला साप लागत नाही, माती लागते.

१० जून

कालच्या फोटोंवरून ओळख पक्की केली. या भागात दोन जवळचे भाऊबंद संभवतात : मॅक्रोलेपिस आणि फिप्सोनाय. दुसऱ्याचं नाव हर्बर्ट फिप्सन यांच्यावरून, मुंबईत १८८३ साली सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते सुरुवातीच्या काळातले मानद सचिव. साप १८८८ साली वर्णिला गेला. रंगावरून या दोघांत निवाडा करू नये. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजायच्या. मॅक्रोलेपिसला १५, फिप्सोनायला १७. नावाचा अर्थच 'मोठ्या खवल्यांचा'. ओळी कमी, म्हणून खवले मोठे.

मोजताना चूक कुठे होते ते लिहून ठेवतो. डोक्यामागे ओळी मध्यापेक्षा जास्त असतात, तिथे मोजलं की मॅक्रोलेपिसही १७ भरतो. म्हणून नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत लांबी मोजून बरोबर निम्म्यावर यायचं. पोटाचा खवला मोजायचा नाही. त्याच्या एका बाजूच्या खवल्यापासून सुरू करून पाठीवरून दुसऱ्या बाजूपर्यंत. एका फोटोत हे बसत नाही. निदान तीन फोटो लागतात : डावी कूस, पाठ, उजवी कूस. फ्लॅश मारला तर चमकेमुळे ओळी पुसल्या जातात. त्यापेक्षा छत्रीखालचा मऊ उजेड चांगला.

शाबूत असलेल्या सापाच्या मध्यावर १५ ओळी. चिरडलेल्या दोघांच्या ओळी लागल्या नाहीत, त्यांच्यापुढे फक्त 'युरोपेल्टिस' लिहिलं.

घाटमाथ्यावरच्या महाबळेश्वरचा खापरखवल्या १९५५ साली याच जातीची वेगळी उपजाती म्हणून वर्णिला गेला, महाबळेश्वरेन्सिस नावाने. पाय नसलेला, मातीतून इंचाइंचाने हलणारा प्राणी एका डोंगरावरून दुसऱ्यावर सहज जात नाही. या सगळ्या कुळाचं तसंच आहे. भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून जगात ते कुठेच नाही, आणि या एवढ्याशा भागात पन्नासच्या वर जाती. एखाद्या टेकडीची माती उचलली तर काय जातं याचा विचार इथूनच करायला हवा.

२२ जून

कौलांची चौथी तपासणी. खापरखवल्या देवराईत दोन कौलांखाली, मालकी जंगलात आणि बागेत नाही. त्याच्यासोबत जे सापडतं त्याची ओळख नोंदणाऱ्या प्रत्येकाला हवी, कारण पातेऱ्यातले लांबट जीव पहिल्या नजरेला एकसारखे दिसतात.

वाळा : खापरखवल्यापेक्षा खूप बारीक, वितीच्या आतबाहेर, सगळं अंग एका जाडीचं, शेपटीला चकती नाही, टोकाला एकच बारीक काटा. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो.

देवगांडूळ : हा सापच नाही, बेडकाच्या वर्गातला उभयचर. खवले दिसत नाहीत, अंगावर गोल वळ्या, कातडी ओली, बुळबुळीत. खापरखवल्या कोरडा आणि गुळगुळीत.

पोवळा : हा विषारी, म्हणून याला सगळ्यात आधी ओळखायचं. काडीसारखा सडपातळ, डोकं काळं, शेपटीवर दोन काळी कडी. डिवचलं की शेपटी वर वळवून खालचा निळसर रंग दाखवतो. पातेऱ्यात राहतो आणि वाळ्यांसारखे छोटे साप खातो. लहान आहे, तोंड लहान आहे, म्हणून हातात घेऊन पाहू, हा विचार मनातही आणायचा नाही.

फुरशाचं पिल्लू : खवले खरखरीत, डोकं त्रिकोणी, अंग एकावर एक घासून करवतीसारखा आवाज. कौलाखाली आजही एक होतं, बागेच्या चौकोनात. आकडा आणि उलटं उचलणं, दोन्हींचा उपयोग आज दिसला.

कोणालाही साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना. हे कागद छापून प्रत्येकाच्या पिशवीत ठेवले आहेत.

४ जुलै

देवराई, चौकोन ३. सकाळी सव्वासात, पाऊस थांबून अर्धा तास झालेला. पातेऱ्यावर जिवंत खापरखवल्या, साधारण २० सें.मी. दोन मीटरवरून पाहिला, हात लावला नाही.

डोकं पानांखाली गेलं आणि मातीला टेकलं. मग पुढचा एक तृतीयांश भाग जागच्या जागी फुगला, जवळजवळ दीडपट. बाकीचा साप स्थिर. फुगवटा उतरला, डोकं सेंटिमीटरभर आत गेलं, पुन्हा फुगवटा. मागचं अंग ओढल्यासारखं आत सरकत होतं, स्वतःहून जोर लावताना दिसलं नाही. शेवटी चकती तेवढी पृष्ठभागावर राहिली, पाऊसधारांनी उडालेल्या चिखलाच्या ठिपक्यासारखी. नजर हटली असती तर पुन्हा सापडली नसती. पूर्ण जायला तीन मिनिटांच्या आतबाहेर.

फुगवटा म्हणजे हवा नाही. या सापांचा पाठीचा कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वळतो. बाहेरून अंग सरळ आणि जाड दिसतं. जाड झालेला भाग बिळाच्या भिंतीत रुतून बसतो, त्याचा आधार घेऊन डोकं पुढे ढकललं जातं, मग कणा सरळ होतो. कार्ल गान्स या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हे उलगडून दाखवलं. पुढच्या भागाचे स्नायू गडद लाल, ऑक्सिजन साठवणाऱ्या मायोग्लोबिनने भरलेले, न थकता काम करणारे. मागचे स्नायू फिके. खोदकामाचं सगळं यंत्र पुढे, मागे पोट आणि बूच.

याचा सरळ अर्थ मातीशी जोडून पाहायचा. या यंत्राने भुसभुशीत, ओली माती फुटते. गाड्या फिरून दबलेली किंवा पातेरा काढल्याने उन्हात भाजून टणक झालेली माती फुटत नाही.

५ जुलै

सळईची मोजणी पुन्हा केली, या वेळी ओल्या मातीत. मधले आकडे : देवराई १७ सें.मी., मालकी जंगल ९, बाग ६. उतार एक, माती एक, पाऊस एक. फरक वरच्या पांघरुणाचा.

गांडुळंही मोजली, कारण खापरखवल्याचं मुख्य खाणं तेच. तोंड लहान, कवटी घट्ट, जबडा फार उघडत नाही. बेडूक-उंदीर याच्या कामाचे नाहीत. पद्धत : २५ बाय २५ सें.मी.चा ठोकळा, ३० सें.मी. खोल, १०-१० सें.मी.च्या थरांत, पांढऱ्या प्लॅस्टिकवर हाताने निवडून, आणि माती त्याच क्रमाने परत भरायची. चौकोनाच्या आत खणायचं नाही, बाहेर तीन मीटरवर. आधी मोहरीची पूड पाण्यात कालवून ओतून पाहिली होती, तिने गांडुळं चरफडून वर येतात. इथल्या उतारावर पाणी भेगांतून खाली निघून गेलं आणि वर काहीच आलं नाही. सपाट, घट्ट जमिनीवर ती रीत चालत असेल, इथे हातानेच निवडावं.

देवराईत गांडुळं सर्वात जास्त, आणि बहुतेक वरच्या १० सें.मी.त. बागेत वरच्या थरात जवळजवळ नाहीत, जी आहेत ती खाली.

१४ जुलै

रस्त्याच्या कडेच्या सिमेंटच्या गटारात दोन जिवंत खापरखवले, एक देवगांडूळ, एक मेलेला वाळा. गटार ४५ सें.मी. खोल, भिंती उभ्या, घोटलेल्या. खवल्यांचे जे गुण मातीत उपयोगी तेच इथे घातक : माती चिकटू न देणारं गुळगुळीत अंग सिमेंटवर पकड घेऊ शकत नाही. पाणी वाहतं तेव्हा साप खालच्या मोरीपर्यंत जातो, पाऊस उघडला की तिथेच अडकतो.

वनरक्षकांना फोन करून त्यांच्यासमोर दोन्ही साप फांदीच्या तुकड्यावर घेऊन उताराच्या वरच्या बाजूच्या पातेऱ्यात सोडले. फांदीला ते लगेच वेटोळं घालतात, त्यामुळे हात लावावा लागत नाही. चावत नाहीत. घाबरले की डोकं वेटोळ्यात लपवून शेपटीचं टोक पुढे करतात, आणि लोक त्यालाच तोंड समजून काठी मारतात.

१६ जुलै

गटारात चढ तयार केले. दर १५ मीटरला एक, जंगलाच्या बाजूच्या भिंतीला टेकून, दगड रचून ३० अंशांच्या आसपास उतार.

२६ जुलै

पाच दिवसांच्या संततधारेत अकरापैकी नऊ चढ वाहून गेले. दगड सुटे होते आणि गटाराच्या अर्ध्या रुंदीपर्यंत आले होते. पाण्याने त्यांना धक्का दिला आणि पुढे मोरीच्या तोंडाशी ढीग केला. पाणी रस्त्यावर आलं असतं तर गावाचा रोष ओढवला असता आणि रास्तच होता.

२ ऑगस्ट

नवी रचना. जांभ्याचा चिरा तासून पाचर केली, रुंदी गटाराच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. पाचरीचा निमुळता भाग पाण्याच्या वरच्या दिशेला, म्हणजे प्रवाह तिच्यावर आदळत नाही, घसरून जातो. खाली आणि भिंतीला १:४ सिमेंट-वाळूचा गिलावा, वर मात्र काहीही लेप नाही. जांभ्याची नैसर्गिक भोकं तशीच हवीत, सापाची पकड त्यांतच बसते. पाऊस उघडलेल्या दोन दिवसांत काम उरकलं, ओल्यात गिलावा धरत नाही. ग्रामपंचायतीला आधी दाखवून मगच.

२४ ऑगस्ट

पाचरी सगळ्या जागेवर. गटारात जिवंत अडकलेला साप गेल्या तीन फेऱ्यांत नाही. एवढ्यावरून यश म्हणता येणार नाही, कारण पावसाच्या सुरुवातीची गर्दीही ओसरली आहे. खरी परीक्षा पुढच्या मृगात.

देवराईत कौलाखाली १० सें.मी.चं पिल्लू, रंगरूप मोठ्यांसारखंच, चकतीही पूर्ण तयार. या सापाची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. गावातून 'दुतोंड्याची अंडी' म्हणून दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा अंडी सापसुरळीची होती, जागच्या जागी झाकून ठेवली.

१९ ऑक्टोबर

पाऊस गेला. कौलांखाली सलग तीन आठवडे खापरखवल्या नाही. साप गेलेला नाही, ओल खाली गेली तसा तोही खाली गेला. कौलं उचलून रचून ठेवली, उन्हाळ्यात तिथे ती असण्याचा उपयोग नाही आणि खाली विंचू जमतात.

रानडुकरांनी देवराईचा एक कोपरा उखणला आहे. डुकरं गांडुळं आणि सापही खातात. पण त्यांनी उखणलेली माती मऊ राहते आणि पातेरा तिथेच राहतो. माती ओढणाऱ्या यंत्राने साफ केलेल्या उताराशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

१५ फेब्रुवारी

राबाचा हंगाम जवळ आला. मालकी जंगलाचे तीन वाटेकरी आणि त्यांच्या घरच्या बायका, ज्या प्रत्यक्ष पातेरा ओढतात, त्यांच्यासोबत बांधावर बसून बोलणं झालं. पातेरा नेऊ नका असं सांगायला गेलो नाही. राब भाजणं हे आळस किंवा अज्ञान नाही. भाजल्याने तणाचं बी मरतं, माती मोकळी होते, राखेतून पोटॅश मिळतं आणि रोप सहज उपटतं. त्याच्या बदल्यात काही द्यायचं नसेल तर मागणंही चूक.

दोन गोष्टी ठरल्या.

पहिली : दाताळं वरच्या थरापुरतं चालवायचं. खालचा काळा, ओला थर जळत नाही, नुसता धुमसतो, आणि भाऱ्याचं वजन वाढवतो. हे बायकांनीच सांगितलं : "काळा पाला कशाला आणायचा दादा, तो पेटतच नाय." खराट्याने झाडून नेलं की तो थर जातो, दाताळ्याने वरवर ओढलं तर राहतो. शिवाय उताराला आडवे पट्टे : दहा मीटर न्यायचं, दहा मीटर ठेवायचं, पुढच्या वर्षी उलट. पट्टे आडवेच हवेत. उभे ठेवले तर मोकळ्या पट्ट्यातून पाणी धावतं आणि माती नेतं.

दुसरी : दोन वाटेकरी अर्ध्या रोपवाटिकेत राब न भाजता गादीवाफे करणार. चारसूत्री भात लागवडीत सांगतात तसं, गिरणीवरची भाताच्या तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, वाफ्याच्या वरच्या थरात मिसळून. राखेतल्या सिलिकाने रोप कणखर होतं. पांढरी, पूर्ण जळालेली राख नको, काळीच हवी. अडचण तणाची : भाजलेलं नसल्याने पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा हाताने तण काढावं लागेल. ही मजुरी धरूनच हिशेब सांगितला आहे, लपवलेली नाही.

२० मार्च

पट्ट्यांच्या कडांना दगड लावले. ठेवलेल्या पट्ट्यांत पातेरा २ ते ३ सें.मी. एका वर्षात देवराईसारखा तिसरा थर होणार नाही, दोन-तीन पावसाळे लागतील. एका जागी खराटा फिरलेला दिसला. त्या घरी दाताळं नव्हतं. सुताराकडून तीन करून घेतली, दात बोटभर अंतरावर, टोकं बोथट.

२८ एप्रिल

काळी राख सहा पोती गिरणीवरून आणून कोरड्या जागी ठेवली. कौलं पुन्हा मांडायची तारीख २० मे. या वेळी मालकी जंगलातली सगळी कौलं दोन भागांत : निम्मी ठेवलेल्या पट्ट्यात, निम्मी नेलेल्या पट्ट्यात. गटारातल्या पाचरींपैकी दोनचा गिलावा उन्हाने तडकला आहे, पावसाआधी भरायचा. रस्त्याची फेरी रोहिणीपासूनच सुरू करायची. गेल्या वर्षी मृगाची वाट पाहिली आणि वळवाच्या सरींत बाहेर आलेले साप नोंदीतून निसटले असणार.